समासातलं ‘आम्ही’

हे लिहून ठेवायचंच नाही, असं सुजय खुपसेनं जवळजवळ ठरवलं होतं. आपण काहीही टाइप करायला लागलो की कुठंतरी बसून कोणीतरी ते वाचतंय आणि आपल्यासारखं व्हायला शिकतंय, असं त्याला वाटायचं. हे वाटणं सगळंच खोटंही नव्हतं. पण आपण नाही लिहिलं तर दुसरं कोणी लिहील आणि तेही अगदी आपल्याच भाषेत लिहील, ही भीती जास्त मोठी निघाली. म्हणून दाजींच्या दुकानातल्या जुन्या, नेट नसलेल्या कॉम्प्युटरवर, दोन बॅनरच्या मधल्या वेळात, सुचेल तसं हे उतरलं.

दुकान बार्शीचं, स्टँडच्या मागं. दाजी म्हणजे सुजयच्या ताईचा नवरा, बापू गव्हाणे. धंदा फ्लेक्सचा. वाढदिवस, उद्घाटन, निवडीबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. डिप्लोमा अर्धवट सोडून सुजय इथं डिझाइनला बसला तो बसलाच. गणित तो मोबाइलवर शिकला. बाकीची पोरं रील बघायची, हा सिद्धता बघायचा. कळलं नाही की मागं घ्यायचा, परत बघायचा. परीक्षा नव्हती, त्यामुळं घाई नव्हती.

फ्लेक्सचा रोल ठराविक रुंदीचा असतो. त्यावर वेगवेगळ्या मापाचे बॅनर असे बसवायचे की लांबी कमीत कमी जावी. दुकानात हा रोजचा प्रश्न, आणि गणितात जुना नि भलताच चिवट. सगळी मापं आधी कळली तरी अवघड आहे. पण गिऱ्हाईक एकेक करून येतं. पुढचा माणूस केवढा बॅनर मागणार हे माहीत नसताना आत्ताचा कुठं लावायचा? आणि कितीही वाईट गिऱ्हाइकं आली तरी एवढ्यापेक्षा जास्त कापड वाया जाणार नाही, अशी हमी देता येईल का? सुजयला त्यात एक बारीकशी गोष्ट दिसली होती. मध्ये उरणाऱ्या पट्टीला दुकानात चिंधी म्हणतात. चिंधी दिसली की लगेच भरायची नाही, काही चिंध्या मुद्दाम राखून ठेवायच्या. मग शेवटी वाया कमी जातं. त्यानं ते ‘सहलेख’ या, अनेकांनी मिळून गणित लिहायच्या साइटवर टाकलं.

पहिलं उत्तर आलं ते असं: “भावा, चिंधी ही व्याख्या आहे का शिवी?”

उत्तर देणारा ओवेस मुजावर. मिरजेचा, पुण्यातल्या एका संस्थेत ढवळीकर मॅडमच्या हाताखाली पीएचडी करत होता. पुढची दोन वर्षं दोघांनी मिळून त्या एका प्रश्नावर घालवली. एकमेकांना प्रत्यक्ष बघितलं नव्हतं. गरज पडली नाही.

सहलेख आलं तेव्हा लोकांना त्यात एवढंच कौतुक वाटलं, की आपापल्या भाषेत लिहा, ते त्याचं गणित करून देतं. सुजय बार्शीच्या मराठीत लिहायचा, शेजारी चिन्हं उमटायची, आणि पायरी बरोबर असेल तर ओळीखाली हिरवी रेघ यायची. चूक असेल तर रेघच नाही. कोणी मोठा असो का लहान, रेघ सगळ्यांना सारखीच. प्रत्येक लेखकाच्या अक्षरांना वेगळा रंग. सुजयचा जांभळा, ओवेसचा तपकिरी. समासात, म्हणजे पानाच्या कडेच्या कोऱ्या जागेत, एकमेकांना चिठ्ठ्या लिहायची सोय होती. तिथंच ते भांडायचे, हसायचे, आणि खरं काम तिथंच व्हायचं.

भानगड झाली ती नावांवरून. गणितात पेपरवर लेखकांची नावं अक्षरांच्या क्रमानं लावायची जुनी रीत. लहान कोण, मोठा कोण, काही नाही. ओवेसनं हे सांगितलं तेव्हा सुजय एकटाच दुकानात खो-खो हसला होता.

“बार्शीत शुभेच्छुक अक्षरक्रमानं छापले तर दुकान फोडतील,” त्यानं लिहिलं. “इथं फोटो दोन बोटं बारका पडला म्हणून माणसं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.”

पण नोकऱ्या देणाऱ्यांना अक्षरक्रमाचा उपयोग नव्हता. त्यांना आकडा पाहिजे होता. सहलेखनं तो दिला. कोणी किती ओळी लिहिल्या हे ते मोजत नव्हतं, ओळी काय कोणीही वाढवेल. ते एकच प्रश्न विचारायचं: हा माणूस नसता तर?

आता माणूस नसता तर काय झालं असतं हे कळणार कसं? त्यासाठी सहलेख प्रत्येक लेखकाची एक छाया बनवायचं. आपण काय लिहिलं यापेक्षा काय खोडलं यावरून. आधी कुठून हात घालतो, कुठं नेहमी चुकतो, कशाला कंटाळून सोडून देतो, अडल्यावर कोणती जुनी युक्ती काढतो. दोन वर्षांची खाडाखोड मिळाली की छाया आपल्यासारखीच अडखळायला लागते. मग यंत्र एकेका लेखकाला वगळून बाकीच्यांच्या छायांना तोच प्रश्न सोडवायला बसवतं. तुझ्याशिवाय त्यांना सुटला, तर तुझा वाटा थोडा. नाहीच सुटला, तर मोठा.

सुजयचं सगळं या वाट्यावर अडलेलं होतं. ओवेसच्या संस्थेनं नवीन नियम केला होता. डिग्री नसली तरी चालेल, पण एका पेपरात एक तृतीयांशाच्या वर वाटा पाहिजे, मग संशोधनाच्या मुलाखतीला थेट बसता येईल. बारावीनंतर कुठलाही कागद हातात नसलेल्या माणसाला एवढा एकच दरवाजा. सुजयचा वाटा तेव्हा सव्वीस टक्के होता. शेवटचा एक लेमा, म्हणजे मोठ्या सिद्धतेतली मधली पायरी, राहिला होता. तो आपल्याकडून सुटला तर आपण आत, हे त्याला माहीत होतं.

आणि नेमकी नगरपालिकेची निवडणूक लागली. मशीन थंड व्हायला सवड नव्हती. सुजय खुर्चीतच जेवत होता, सहलेख उघडायचं नावच नव्हतं. गुलाल उधळून झाला, माणसं घरी गेली, तेव्हा त्यानं एका दुपारी पेपर उघडला.

समासात ओवेसची तपकिरी चिठ्ठी होती: “इथं आम्ही उलट बाजूनं भरून बघितलं. जमलं.”

सुजयनं ती वाचली. परत वाचली.

इंग्रजीत लिहिलं असतं तर काही वाटलंच नसतं. तिकडं एकच शब्द, सगळ्यांना पुरतो. मराठीत दोन आहेत. ‘आपण’ म्हणजे तू आणि मी. ‘आम्ही’ म्हणजे तू सोडून. पेपरात वाचकाला सांगताना ‘आम्ही सिद्ध केलं’ हे ठीक आहे, वाचक काही तिथं नव्हता. पण समासातली चिठ्ठी वाचकासाठी नसते. ती सुजयसाठी होती. दोन वर्षांत ओवेसनं समासात कायम ‘आपण’च लिहिलं होतं. भांडतानासुद्धा. “आपण दोघं गाढव आहोत, आपण आठ दिवस चुकीचं सिद्ध करत बसलो.”

मग आता हे ‘आम्ही’ कोण?

“काय झालं? तोंड का पाडलंस?” दाजींनी विचारलं.

सुजयनं सांगितलं. दाजींना लेमा कळला नाही, बाकी सगळं कळलं.

“नाव खाणार तुझं. आरं, फुकटचं राबवून घेतलं तुला. तो आन ती बाई, दोघांचं आतनं ठरलेलं असणार. मी तुला पयलंच म्हणालो हुतो, तोंड न बघितलेल्या माणसाबरबर भागी करू नगं.”

“दाजी, तो तसला नाहीये.”

“तसला कोणच नसतंय. वेळ आली की हुतंय.”

सुजयनं वाट्याचा आकडा उघडला. आता घसरला असेल, दहा, बारा, अशी मनाची तयारी करून.

आकडा होता सत्तावन्न.

दाजी मागून डोकावले. “वाढलाय की! मग रडतोयस कशाला?”

पण इतक्या दिवसांत सुजयनं एक अक्षर लिहिलं नव्हतं. चोर घरात शिरला आणि काही नेण्याऐवजी ठेवून गेला, तर माणूस जास्त घाबरतो. त्यानं तो लेमा उघडला. सगळी सिद्धता जांभळ्या अक्षरात होती. पहिलीच ओळ अशी: “बघ ना, समजा ह्या चिंधीला आपण हातच लावायचा नाही असं ठरवलं तर?”

हे ‘बघ ना’ त्याचं होतं. चिंधी त्याची होती. रंग त्याचा होता. खाली ठळक हिरवी रेघ होती. आणि त्यानं हे लिहिलेलं नव्हतं.

दुसरी ओळ त्यानं वाचली नाही. का ते तेव्हा त्यालाही सांगता आलं नसतं. त्यानं पटकन पान बंद केलं.

ओवेसला विचारायचं तर चिठ्ठीत विचारणं आता शक्य नव्हतं. चिठ्ठीला उत्तर देणारा ओवेसच असेल कशावरून? त्यानं फोन लावला.

“कुठंयस?”

“मिरजेत, घरी. अरे, निवडून आलं का कोण तुमचं?”

“मला भेटायचंय. समोरासमोर.”

“काय झालं?”

“कुर्डुवाडीला ये. तुला थेट गाडी आहे. मी बार्शीहून येतो.”

“परवा पेपर पाठवायचाय, मॅडमनी—”

“म्हणूनच उद्या ये.”

कुर्डुवाडी स्टेशनावर दुपारच्या उन्हात सुजय बाकावर बसून राहिला. एसटीत त्यानं मनातल्या मनात बरीच वाक्यं तयार केली होती. मिरजेची गाडी आली, माणसं उतरली, आणि त्यांतून एक ठेंगणा, जाड चष्म्याचा, चेक्सचा शर्ट घातलेला माणूस हातात पिशवी धरून सरळ त्याच्याकडं आला. सुजयच्या डोक्यातला ओवेस उंच होता. का कोण जाणे.

“खुपसे?”

“हां.”

“अम्मीनं शिरखुर्मा दिलाय. डब्यातून सांडला असेल थोडा.” ओवेस शेजारी बसला. “आता बोल. फोनवर तुझा आवाज पोलिसासारखा होता, लगा.”

तयार केलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली. सुजयनं सरळ विचारलं, “आम्ही म्हणजे कोण?”

“काय?”

“समासात लिहिलंस. आम्ही उलट बाजूनं भरून बघितलं. तू आणि कोण? मॅडम?”

ओवेसनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला. “असं लिहिलं मी?”

“लिहिलंस.”

“च्यायला.” तो जमिनीकडं बघत राहिला. “मॅडम नाहीत. आम्ही म्हणजे... मी आणि तू.”

“मी नव्हतो तिथं.”

“तू नव्हतास म्हणूनच तर. तुझी छाया.”

मग त्यानं सांगितलं. सहलेखनं गेल्या वर्षी नवीन सोय काढली होती. आधी छाया नुसत्या वाटा मोजायला वापरायचे, त्या बंद कुलपात असायच्या. आता सहलेखक हजर नसेल तर त्याच्या छायेला बोलावता येत होतं. परवानगी सगळ्यांनी नाव नोंदवतानाच दिलेली होती, न वाचता. छायेनं लिहिलेलं मूळ माणसाच्या रंगात उमटायचं आणि त्याच्याच वाट्यात धरलं जायचं. शेवटी तो तूच आहेस, असं कंपनीचं म्हणणं.

“मी तुला किती मेसेज टाकले, बघ की. तू निवडणुकीत. मॅडमनी तारीख दिलेली. बटण समोर होतं. दाबलं.”

“आणि त्यानं सोडवलं.”

“हां.”

“किती वेळ लागला?”

“राहू दे ना.”

“किती?”

“चहा संपायच्या आत.”

समोरच्या रुळावरून एक मालगाडी गेली, तिचे डबे संपेचनात. ती संपल्यावर ओवेस म्हणाला, “आधी त्यानं चूक केली. तुझी नेहमीची. उजव्या कडेनं लावायला लागला आणि शेवटच्या आयताला जागा उरली नाही. मी एकटाच हसलो. मला वाटलं, आला. खुपसे आला.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तुला लागलं असतं.”

“आता लागत नाहीये?”

“आणि खरं सांगू का?” ओवेस त्याच्याकडं न बघता बोलत होता. “त्याच्याबरोबर सोपं जातं. तो रुसत नाही, लगा. तू एखादी पायरी चुकलास आणि मी दाखवली की दोन-दोन दिवस गप्प बसतोस. तो लगेच ‘बरं’ म्हणतो आणि पुढं जातो. बाकी सगळा तूच.”

हे खरं होतं, आणि म्हणून जास्त झोंबलं. झोंबल्यावर माणूस जे करतो तेच सुजयनं केलं. उलटा वार.

“आणि तू? मला आलेलं सगळं तूच लिहिलंस का?”

ओवेसनं पिशवी मांडीवर घेतली, परत खाली ठेवली.

“मागचा डिसेंबर सोडून,” तो म्हणाला. “अब्बा दवाखान्यात होते. मी सहलेख उघडलंच नव्हतं. तू माझ्या छायेला बोलावलं असशील.”

“मी नाही बोलावलं कोणाला! मी तुला चिठ्ठी लिहिली, तुझं उत्तर आलं!”

“मग आपण नसताना छायेनं आपोआप उत्तर द्यायची ती सोय मी चालू करून गेलो असेन. डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा.”

डिसेंबर. सुजयला तो डिसेंबर पाठ होता. ताईच्या सासरच्या एका समारंभात कोणीतरी त्याला ‘नापास इंजिनियर’ म्हणालं होतं. त्यानं ते समासात लिहिलं होतं, गणित सोडून, पहिल्यांदाच. उत्तर आलं होतं: ‘तू नापास नाहीस. तू अजून पेपरला बसलाच नाहीस.’ त्या एका ओळीवर त्यानं हिवाळा काढला होता.

त्यानं ती ओळ ओवेसला म्हणून दाखवली.

ओवेसचा चेहरा उतरला. “ते मी नव्हतो,” तो हळू म्हणाला. “मला माहीतही नव्हतं हे.” आणि मग, “पण मीही तेच म्हणालो असतो, खुपसे.”

“तेच तर,” सुजय म्हणाला. “मला आता कसं कळणार?”

दोघांनी शिरखुर्मा खाल्ला. डब्याच्या झाकणात एकानं, डब्यात दुसऱ्यानं. खाता खाता सुजयच्या लक्षात एक गोष्ट आली आणि त्याला हसू फुटलं. ती चिठ्ठी ओवेसनं स्वतःच लिहिलेली होती. छायेनं लिहिली असती तर तिनं नेहमीसारखं ‘आपण’च लिहिलं असतं. चूक झाली म्हणून कळलं, की माणूस होता.

“हसतोस काय?”

“काही नाही. बरं, आता माझा वाटा सत्तावन्न दाखवतोय. तुझा किती राहिला?”

“माझं बघतो मी. तुझी मुलाखत होते ना, झालं. मी मॅडमना काही बोललो नाहीये. नियमात बसतं सगळं. कोणाला कळणार नाही.”

सुजयनं त्याच्याकडं निरखून बघितलं. हा देतोय, का गप्प बसवतोय? डिसेंबरचं आधीच ठाऊक असेल आणि भरपाई करत असेल तर? का खरंच मित्र आहे? चेहऱ्यावरून काहीच कळेना. चेहरे वाचायची सवयच नव्हती दोघांना.

“एक कागद दे,” तो म्हणाला.

“कशाला?”

“मी ती सिद्धता वाचलेली नाही. पहिली ओळ सोडून. तू काही सांगू नकोस.”

ओवेसच्या पिशवीत शिरखुर्म्याच्या डब्याला गुंडाळलेला वर्तमानपत्राचा कागद होता. त्याच्या कोऱ्या कडेवर सुजयनं आयत काढायला सुरुवात केली. चिंधीला हात लावायचा नाही. मग? तो उजव्या कडेनं लावत गेला. शेवटच्या आयताला जागा उरेना. त्यानं खोडलं. ओवेस शेजारी बसून सगळं बघत होता, ओठ घट्ट मिटून, जणू तोंडातून उत्तर सांडेल. ‘उलट बाजूनं’ एवढं चिठ्ठीत वाचलेलं होतं, पण कुठल्या उलट? सुजयनं तीनदा मांडलं, तीनदा मोडलं. कागदाची कड संपली. दुसऱ्या बाजूला जाहिरात होती.

सुटलं नाही.

कधीतरी सुटलं असतं का? उद्या, पुढच्या वर्षी? यंत्र म्हणत होतं, हो, तूच सोडवलंस. पण यंत्र जे म्हणतं ते खरं असेल तरी ते सुजयला आतून माहीत नव्हतं. आणि मुलाखतीत समोर बसलेला माणूस विचारणार होता, हे तुला सुचलं कसं?

“तुझा मोबाइल दे,” तो म्हणाला.

सहलेख उघडून त्यानं सिद्धतेवर नजर जाणार नाही असा अंगठा ठेवला, आणि लेम्याच्या खाली एक ओळ टाइप केली: हा लेमा सुजय खुपसेच्या छायेकडून आला आहे, लेखकांपैकी कोणीही तो स्वतः सोडवलेला नाही.

ओवेसनं वाचलं. “वेडा आहेस का? तुझा वाटा परत सव्विसावर येईल. दार बंद होईल.”

“होईल.”

“आणि माझा वाढेल. लोक म्हणतील, मुजावरनं त्याला बाजूला सारलं.”

“तुझा पेपर राहतोय ना? प्रमेय खरंच आहे. पीएचडी होईल तुझी.”

“पेपर राहील. पण असं कोणी लिहीत नाही, लगा. आमच्याकडं सगळे छाया वापरतात. सगळे. एकानंही लिहिलेलं नाही. मॅडम मला फाडून खातील.”

“मग माझं नाव सांग. म्हण, बार्शीच्या माणसानं हट्ट धरला.”

ओवेस कितीतरी वेळ त्या ओळीकडं बघत बसला. खोडायला त्याला एक क्षण लागला असता. मोबाइल त्याचाच होता. सुजय श्वास धरून बघत होता, आणि बघत असल्याची त्याला लाजही वाटत होती.

ओवेसनं ओळ तशीच ठेवली आणि मोबाइल खिशात घातला.

मिरजेच्या गाडीची घोषणा झाली. दोघं उठले. ओवेसनं डबा पिशवीत टाकला आणि ती रेघोट्यांची वर्तमानपत्राची घडी सुजयच्या हातात दिली.

“आता काय करणार तू?” त्यानं विचारलं. “ती सिद्धता तर तिथंच पडलीय. उघडलीस की दिसेल. एक दिवस अडकशील आणि उघडशील.”

“नाही उघडणार.”

“सगळे असंच म्हणतात.”

गाडी आली. ओवेस डब्यात चढला आणि दारातच उभा राहिला. सुजय खालून त्याच्याकडं बघून म्हणाला, “हे बघ, ओवेस, वचन देतो. ते पान मी उघडणार नाही. माझं मला सुटलं तर मिरजेला येईन, तुझ्यासमोर बसून कागदावर करून दाखवीन. नाही सुटलं तरी येईन, आणि सुटलं नाही असं तोंडानं सांगीन. आणि तोवर तू माझी चूक दाखवलीस तर दोन दिवस गप्प बसणार नाही. रुसलो तर रुसलोय म्हणून फोन करीन.”

गाडी हलली. “फोन कर पण,” ओवेस ओरडला.

“करीन,” सुजय म्हणाला. “मीच करीन.”